रविवारचा नवरा

१

दर रविवारी जेवण उरकलं की मी रेडिओच्या खोलीत जाऊन बायकोशी बोलायचो. अलास्काच्या उत्तर टोकाला, गोठलेल्या समुद्राच्या काठी आमचं संशोधन केंद्र होतं, आणि १९८५च्या त्या हिवाळ्यात तिथवर फोन पोचलेला नव्हता. सोय अशी होती की आमचा रेडिओवाला अर्ल न्यू जर्सीतल्या एका हौशी रेडिओवाल्या म्हाताऱ्याला गाठायचा. तो म्हातारा आपल्या फोनवरून तिथल्याच एडिसन गावात आमच्या घरी फोन लावायचा आणि तो रेडिओला जोडून द्यायचा. एका वेळी एकालाच बोलता येई. आपलं बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं, मग खटका पडायचा, मग समोरच्याची पाळी.

नवरा-बायकोची भांडणं होऊ नयेत म्हणून कोणी युक्ती काढायला बसला असता तर त्याला याहून चांगली सुचली नसती. मध्येच तोडायची सोयच नाही. अर्ल आणि तो म्हातारा, दोघे गोरे कान देऊन बसलेले असायचे, पण त्यांना मराठी कुठे कळतंय. तरी आमचं बोलणं असायचं गाडीच्या ऑइलचं, दारातल्या बर्फाचं, विम्याच्या हप्त्याचं. गोड बोलायला मला कधी जमलं नाही आणि तिने कधी मागितलं नाही, निदान माझी तशी समजूत होती.

पद्मिनी मला लग्नापासून 'अहो' म्हणायची. तिच्या मैत्रिणी अमेरिकेत आल्या आणि वर्षभरात नवऱ्यांना अरे-तुरे करायला लागल्या, ही नाही. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

नोव्हेंबरात सूर्य बुडाला, तो आता जानेवारीतच उगवायचा होता. त्यानंतरच्या रविवारी मी नेहमीसारखं विचारलं, "फर्नेसचा फिल्टर बदललास का? ओव्हर."

खरखर झाली, आणि ती हसली. "तू ना, रविवारी अगदी वेगळाच बोलतोस रे. ओव्हर."

मला वाटलं म्हाताऱ्याने भलत्याच घरी फोन जोडला. पण आवाज तिचाच होता. "हे तू काय चालवलंयस? ओव्हर."

"तूच म्हणालास ना मंगळवारी, आता अहो-जाहो बंद कर, नऊ वर्षं झाली म्हणून. ओव्हर."

मंगळवारी मी रेडिओच्या खोलीत पाऊलही टाकलं नव्हतं.

२

मी संशयी माणूस आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी काढायला नको. पद्मिनी पोस्टमनशी दोन वाक्यं जास्त बोलली तरी मला ती मोजता येतात. त्यामुळे त्या रविवारी घाबरण्याच्या आधी मी जळलो, आणि जळल्यावर माझं डोकं फार चांगलं चालतं.

केंद्रावर हिवाळ्याला आम्ही सहाजण होतो. हवामानाची यंत्रं चालू ठेवणं हे माझं काम. राहायची मोठी झोपडी एक, जनरेटरची एक, आणि रेडिओची खोली जरा लांब, एकटीच. बर्फ वितळवून पाणी करायचं, म्हणून आंघोळ आठवड्यातून एकदा. वारा सुटला की स्वतःचे हातमोजेही दिसत नसत, म्हणून झोपड्यांच्या मध्ये दोर बांधलेले होते आणि दोराला धरूनच चालायचं असा कडक नियम होता. दुसरा नियम बिल्ल्यांचा. मोठ्या झोपडीच्या दाराशी एक फळी होती, तिच्यावर प्रत्येकाच्या नावाचा पितळी बिल्ला. बाहेर पडताना आपला बिल्ला जिथे जातोय त्या खिळ्याला लावायचा, परत आलं की 'आत' या खिळ्याला. कोणी दोर चुकला तर शोधायला कुठे जायचं ते त्या फळीवरून कळे. तिथे फळीशी खोटं बोलणं म्हणजे जिवाशी खेळ.

माझा संशय गुरुदत्तवर गेला. दुसरा मराठी माणूस तोच. ॲन आर्बरच्या विद्यापीठातून आलेला, समुद्राच्या बर्फावर पीएचडी करणारा, उंच, गाणारा, हरहुन्नरी. इकडे येण्याआधी तो दोन दिवस एडिसनला आमच्याकडे उतरला होता आणि पद्मिनीने त्याच्यासाठी आळूवड्या केल्या होत्या. माझ्यासाठी आळू मिळत नाही असं मला नऊ वर्षं सांगण्यात आलं होतं. वर हा पोरगा नकला फार छान करायचा. अर्लची करायचा, कुकची करायचा, आणि एकदा जेवताना माझीही केली होती. सगळे हसले होते. मीही हसलो होतो, म्हणजे दात दाखवले होते.

मी आधी अर्लला गाठलं. "मंगळवारी न्यू जर्सीला कोण बोललं?"

"तूच की," अर्ल म्हणाला.

"तू मला पाहिलंस?"

अर्लने डोकं खाजवलं. "लोक बायकांशी बोलत असतात, प्रल्हाद. काहीजण रडतात. मी कधी वळून बघत नाही. भिंतीकडे तोंड करून बटणं फिरवत बसतो. पण आवाज तुझा होता. आणि खरं सांगू का, तुला इतकं मनापासून हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं."

मग मी गुरुदत्तला विचारलं, आडून आडून. माझं आडून विचारणं किती आडून असतं ते त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

"दादा, यार, काय बोलताय तुम्ही? वहिनींना मी फोन करीन? तुमचा आवाज काढून? मी नकला करतो हे खरं आहे, पण इतका चीप जोक नाही करणार." त्याचे डोळे खरोखर दुखावलेले होते. "तुम्ही झोपत नाही आहात नीट. डार्कनेसमध्ये असं होतं, मॅन्युअलमध्येपण लिहिलंय."

चोराच्या मनात चांदणं, असं मी स्वतःशी म्हणालो. त्याच्या मनात की माझ्या, ते नक्की ठरवता येईना.

३

पुढच्या रविवारी मी ठरवून कमी बोललो आणि जास्त ऐकलं. ऐकायला लागल्यावर लक्षात आलं की ती माझ्याशी बोलत नव्हतीच. कुठल्या तरी चालू गप्पांचा पुढचा भाग सांगत होती.

"आईच्या गुडघ्याचं तू सांगितलंस तसं केलं, तेल गरम करून चोळायला सांगितलं, बरं वाटतंय तिला. आणि तू म्हणालास ना दुपारी तिकडे आकाश कडेला निळं-लाल होतं आणि सूर्य येतो येतो म्हणतो आणि येत नाही. ते सारखं डोळ्यांपुढे येतं रे माझ्या. ओव्हर."

ते खरं होतं. दुपारी दक्षिणेला तसा उजेड यायचा, तासभर टिकायचा, मग विझायचा. मी रोज तो बघायचो, यंत्रांचे आकडे टिपता टिपता. पण बायकोला सांगण्यासारखं ते काही आहे, असं माझ्या मनात आलं नव्हतं. हे कोणाला तरी सुचलं होतं, आणि त्याने ते माझ्या तोंडून सांगितलं होतं. कानामागून आला आणि तिखट झाला.

"आणखी काय काय सांगितलं मी? ओव्हर," मी विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

मग ती हळू आवाजात बोलायला लागली. "ते बोटाचं. मला बघायला आला होतास तेव्हा माझ्या बोटाला पोहे करताना फोड आला होता, आणि मी पूर्ण वेळ तो हात पदराखाली धरून बसले होते. तुला तो दिसला होता. आणि त्या फोडामुळे तू हो म्हणालास. हे तू नऊ वर्षं पोटात ठेवलंस? मी रडले रे मंगळवारी. ओव्हर."

तो फोड मला दिसला होता. चहाचा कप पुढे करताना पदर सरकला आणि फोड दिसला, आणि आतून कोणी तरी 'हीच' म्हणालं. हे मी आईला सांगितलं नव्हतं, मित्राला सांगितलं नव्हतं. पद्मिनीलाही नाही, कारण असलं काही तोंडातून काढायची माझी रीत नाही. जगात ते फक्त मला ठाऊक होतं. गुरुदत्त कितीही नकलाकार असला तरी माझ्या पोटातलं कुठून आणणार?

अर्ल भिंतीकडे तोंड करून बसला होता. माझी पाळी होती.

"दारातला बर्फ काढायला माणूस लाव," मी म्हणालो. "ओव्हर."

४

मंगळवारी मी मोठ्या झोपडीतून हललोच नाही. जेवणाच्या टेबलाशी अशी जागा धरली की एका बाजूला स्वयंपाकघर दिसेल आणि दुसऱ्या बाजूला दाराजवळची फळी. स्वयंपाकाची पाळी गुरुदत्तची होती. तो गाणं गुणगुणत काचेच्या बाटलीने पोळ्या लाटत होता. त्याचे दोन्ही हात पिठात होते आणि तो माझ्या डोळ्यांसमोर होता. आज रेडिओवर कोणी बोललं तर तो गुरुदत्त नाही, एवढं तरी पक्कं होणार होतं. मी तिथे कॉफी पीत बसलो आणि कधी नव्हे ते त्याच्यासाठी शुभ चिंतलं. म्हणजे असं की, देवा, तो हाच असू दे.

कारण तो गुरुदत्त असता तर किती सोपं होतं. त्याच्या एक थोबाडीत देता आली असती.

थोड्या वेळाने त्याने मान वर केली आणि त्याची बाटली थांबली. "दादा? तुम्ही इथेच आहात?"

"सकाळपासून इथेच आहे. का?"

"मग मघाशी..." त्याने पिठाचा हात दाराकडे केला. "मघाशी तुम्ही बाहेर गेलात ना? मला हात केलात जाताना. आय मीन, मी मागून पाहिलं, पण कोट तर तुमचाच होता."

मी फळीकडे बघितलं. माझा बिल्ला 'रेडिओ'च्या खिळ्याला होता. तो मी स्वतःच्या हाताने 'आत'ला लावला होता, आणि त्यानंतर त्या दारावरून माझी नजर फार तर कॉफी ओतण्याइतकी हलली असेल.

गुरुदत्त काहीतरी म्हणत होता, पण मी कोट चढवून दोर धरला होता.

बाहेर दुपारचा तो निळा-लाल उजेड होता. थंडी अशी की नाकातला ओलावा श्वासाबरोबर कडक व्हायचा. मी दोराला हात घालून चालत होतो आणि डोकं हिशेब मांडत होतं. थकवा, अंधार, जीवनसत्त्वांची कमतरता. गुरुदत्त आणि अर्ल मिळून केलेली चेष्टा. मी झोपेत चालत असेन. हे सगळं पटण्यासारखं होतं, आणि यातलं एकही तो फोड समजावून सांगत नव्हतं. बर्फावर माझ्यापुढे बुटांचे ठसे गेले होते. त्यांच्यात माझे बूट बरोबर बसत होते, म्हणून मी त्यांच्यात पाय टाकणं सोडून बाजूने चाललो.

रेडिओच्या खोलीची खिडकी बर्फाने पांढरी झालेली होती, एका कोपऱ्यात हाताएवढी जागा तेवढी स्वच्छ होती. तिथून डोळा लावला. अर्लची पाठ दिसली, आणि तिच्यापलीकडे खुर्चीत दुसरी पाठ. केंद्राचे कोट सगळ्यांचे सारखेच लाल, पण माझ्या कोटाचा डावा खांदा फाटला होता आणि मी तो काळ्या दोऱ्याने शिवला होता, कारण लाल दोरा नव्हता. त्या पाठीवर तो काळा दोरा दिसत होता. मी माझ्या खांद्यावर हात नेला. तिथेही तो होता.

भिंतीतून आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण सूर कळत होता. तो आवाज माझा होता आणि तो लाडात आलेला होता. माझ्या गळ्याला तसं बोलता येतं हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. मध्येच तो हसला.

भीती वाटायला हवी होती. माझ्या अंगाचा मात्र नुसता तिळपापड झाला. माझ्या बायकोशी माझ्या गळ्याने कोणीतरी माझ्याहून चांगलं बोलत होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कोणाला?

५

त्या खोलीला थंडी अडवायला दोन दारं होती. बाहेरचं लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. मी दोन दारांच्या मधल्या अंधारात उभा होतो तेवढा वेळ आतून काही ऐकू आलं नाही. मग मी आतलं दार ढकललं.

अर्ल भिंतीकडे तोंड करून बसला होता. खुर्ची रिकामी होती. माईक टेबलावर होता, आणि रेडिओतून पद्मिनी बोलत होती. कितीतरी वेळ बोलत असावी.

"...आणि आलास की पहिले दोन दिवस कोणालाही बोलवायचं नाही. फोनसुद्धा काढून ठेवायचा. मी खायला करीन आणि तू नुसता बोलत बस. मला तुझं बोलणं हवंय, बाकी काही नको. ओव्हर."

मी खुर्चीत बसलो. आपण काय करतोय हे मला चांगलं कळत होतं. मी आवाज हलका केला आणि खिडकीतून ऐकला होता तो सूर लावायचा प्रयत्न केला.

"हो गं. तू म्हणशील तसं. ओव्हर."

आयुष्यात मी तिला 'गं' म्हणालो नव्हतो.

खरखर लांबली. मला वाटलं संपर्क तुटला. मग ती बोलली, आणि तिच्या आवाजावर कोणीतरी झाकण ठेवल्यासारखं झालं होतं.

"अहो, तुम्ही आहात होय. ओव्हर."

"मी म्हणजे कोण? मीच बोलतोय, पद्मिनी. आधीपासून मीच बोलतोय. ओव्हर."

"नाही हो. तुम्ही रविवारचे." ती हे न रागावता म्हणाली. "मलाही सुरुवातीला कळलं नाही. नंतर कळलं. आणि खरं सांगू, तुम्हाला माहीत असेल असंच वाटत होतं मला. ओव्हर."

"इथे दुसरं कोणी नाही. तू ऐकतेयस ना? इथे मी एकटाच आहे. तुला कोणीतरी फसवतंय. ओव्हर."

"फसवतंय कसं? तुमच्या मनातलंच तर सांगतो तो. तुम्ही सांगत नाही एवढंच." तिने श्वास घेतला, तोही मला ऐकू आला. "अहो, एक मागू? रागावणार नाही ना? मार्चच्या विमानात एकाचीच जागा आहे म्हणाला तो. तर तुम्ही राहाल का तिकडेच? तुम्हाला काय, तुमची यंत्रं आहेत, काम आवडतंय तुम्हाला. त्याला येऊ द्या ना. ओव्हर."

शेजारणीकडे विरजण मागावं इतक्या साधेपणाने तिने ते मागितलं. नवऱ्याकडे काही मागायचं तर असंच मागायची ती, संकोचून, आधी रागावू नका म्हणून. नऊ वर्षांत तिने मागितलेल्या गोष्टी मला आठवायला लागल्या, आणि त्या फारशा नव्हत्या.

"प्रल्हाद," अर्ल भिंतीकडे बघतच म्हणाला, "तुझी पाळी आहे."

मी माईक खाली ठेवला आणि बाहेर पडलो.

६

त्यानंतर मी रेडिओच्या खोलीत गेलो नाही. रविवारी नाही आणि मंगळवारी तर नाहीच. मंगळवारी मी फळीकडे पाठ करून बसायचो. माझा बिल्ला कोणत्या खिळ्याला आहे ते बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि बघितलं नाही तरी कळायचं, कारण गुरुदत्त आधी फळीकडे बघायचा, मग माझ्याकडे, आणि मग ताटात मान घालायचा. त्याने नकला करणं सोडून दिलं होतं.

जानेवारीत सूर्य परत आला. पहिल्या दिवशी नुसती कड दिसली आणि गेली. सगळे बाहेर उभे राहून टाळ्या वाजवत होते, कुकने केक केला होता. मी दिवस मोठा होताना बघत होतो आणि एकच ध्यास घेतला होता. जागा एकाची असेल तर ती माझी आहे. लग्न माझं झालंय, घराचे हप्ते मी भरलेत, बोटावरचा फोड मी पाहिला आहे. आणि मी घरी गेल्यावर बोलेन. जे त्याने सांगितलं ते सगळं माझंच होतं, तर मला सांगता का येऊ नये? शिकेन मी. विमान यायच्या आधीचा पूर्ण आठवडा मी पांघरुणात तोंड खुपसून 'गं' म्हणायचा सराव करत होतो, हसायचं असेल तर हसा.

मार्चमध्ये विमान आलं आणि मी त्यात बसलो. पायलटशेजारी सामान रचलेलं होतं, मागे एक जागा होती, तिच्यावर मी होतो. गुरुदत्त उन्हाळ्यापर्यंत थांबणार होता. दार लावताना तो म्हणाला, "दादा, टेक केअर. वहिनींना नमस्कार सांगा." मग माझ्या खांद्यावरून विमानाच्या आत बघितलं, आणि दार लावलं.

पुढे फेअरबँक्स, सिॲटल, आणि मग मोठं विमान घराजवळच्या नुअर्कला. मी शेवटच्या रांगेत बसलो, म्हणजे माझ्या मागे कोणी नको. नुअर्कला उतरतानाही मुद्दाम सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. आयांनी पोरं गोळा केली, म्हातारे काठ्या शोधून उतरले, शेवटी पायलटसुद्धा टोप्या सावरत निघून गेले. मग मी उठलो. आता माझ्यामागे विमानात कोणीही नव्हतं, ते मी रांगेरांगेत बघून खात्री करून घेतली.

पद्मिनी गेटपाशी उभी होती. हिरवी साडी, वर कोट, केसांत काहीतरी खोचलेलं. ती माझ्यासाठी एवढी नटून कधी विमानतळावर आली नव्हती. मला बघितल्यावर ती हसली, पाहुण्यांकडे बघून हसावं तेवढी. पुढे येऊन तिने माझ्या हातातली बॅग घेतली.

"प्रवास बरा झाला ना?"

"हो गं," मी म्हणालो. सराव केला होता तसंच निघालं. "तू कशी आहेस?"

"मी बरी आहे," ती म्हणाली. पण तिचं लक्ष नव्हतं. ती माझ्या खांद्यावरून मागे, ज्या दारातून मी आलो होतो तिकडे बघत होती.

"चल ना, घरी जाऊ. दोन दिवस कोणालाच बोलवायचं नाही. मी बोलत बसतो, तू ऐक. मला खूप सांगायचंय तुला."

"थांबा हो जरा," ती म्हणाली.

"कशाला? सगळे उतरले. मी शेवटचा होतो."

विमान कंपनीची एक बाई दार लावायला आली होती. तिने दार अर्धं ओढलं, आणि मग ती थांबली. एका हाताने दार धरून ती अदबीने बाजूला झाली, कोणाला वाट द्यावी तशी.

मी मागे वळलो नाही. वळायची गरज नव्हती, सगळं मला पद्मिनीच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आधी तिचे डोळे भरले. मग तिच्या तोंडावर एवढा आनंद आला की तिचं वय दहा वर्षांनी उतरलं. मी लग्नात तिच्या शेजारी उभा होतो, तेव्हाही तो नव्हता.

तिने माझी बॅग हलकेच खाली ठेवली आणि दोन्ही हात मोकळे करून माझ्या बाजूने पुढे गेली.